हिरडीला हात लावू नका, ताई

बार्शीजवळच्या एका गावातून एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून सार देते. वय ५२, मधुमेह आहे. हिरड्यांतून कित्येक वर्षं रक्त येत होतं, मग दाढा हलायला लागल्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी आधी खोलवर सफाई केली आणि नंतर खालच्या डाव्या बाजूची फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून आतून सफाई करायची शस्त्रक्रिया, केली. "खुर्चीत काही कळलंसुद्धा नाही, पण घरी आल्यानंतरचे तीन दिवस परत नकोत," असं त्या लिहितात. भूल उतरल्यावर ठणका लागला, पण गोळ्यांची सवय लागेल म्हणून त्यांनी रात्रीपर्यंत दम धरला. तोंडात रक्ताची चव येत होती म्हणून जोरजोरात चुळा भरल्या, तर रक्त वाढलं. दिरांनी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायला लावला, तिथे आता पांढरा चट्टा दिसतोय. काही खाववेना, पण मधुमेहाची गोळी मात्र घेतली आणि दुसऱ्या दिवशी चक्कर आली. आता सूज उतरतेय, पण वरचा गुलाबी लेप तुटायला लागलाय, जीभ तपकिरी झालीय आणि दाढ आधीपेक्षा जास्त हलतेय असं वाटतंय. थोड्याच दिवसांत उजवी बाजू करायची आहे. "घरच्या घरी हा त्रास कमी कसा करायचा ते सांगा, नाहीतर मी दुसऱ्या बाजूला जाणार नाही." आणि शेवटी, अगदी बारीक अक्षरात: "सकाळी मिशरी लावते. डॉक्टरांना सांगितलेलं नाही."

ताई,

तुम्ही इतकं मोकळेपणाने लिहिलंत की निम्मं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. शस्त्रक्रियेचं म्हणून जे दुखणं असतं ते तुमच्या वाट्याला आलं, त्याला इलाज नव्हता. पण त्या तीन दिवसांतला बराचसा त्रास शस्त्रक्रियेने दिलेला नाही. तो नंतर तोंडात जे जे केलं गेलं त्याने झालाय, आणि जे वेळेवर करायचं ते राहून गेलं त्याने. म्हणून उजवी बाजू तुम्हाला सोपी जाऊ शकते, असं मी धीर द्यायचा म्हणून सांगत नाहीये.

आत काय केलं ते आधी समजून घ्या. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली फट १ ते ३ मिलिमीटर असते. तुमच्यासारख्यांची ती ५, ६, कधी त्याहून जास्त खोल जाते, आणि तळाशी मुळावर बसलेलं कीट वरून कितीही साफ केलं तरी पुरतं निघत नाही. म्हणून हिरडी दातापासून सोडवून बाजूला करतात, उघड्यावर मूळ स्वच्छ करतात, हिरडी परत जागेवर बसवतात आणि टाके घालतात. आता ती हिरडी मुळाला धरायला लागेपर्यंत तिला कुणी हलवू नये, ओढू नये, भाजू नये, एवढीच तिची मागणी असते. घरी करायच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

पहिलं गोळीचं. भूल ओठाला आणि जिभेला दोन ते चार तास टिकते. वेदना एकदा चढली की तिला खाली आणायला गोळीला जास्त वेळ लागतो, म्हणून पहिली गोळी भूल उतरण्याआधी घ्यायची असते. उजव्या बाजूच्या दिवशी दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्या, "पहिली गोळी किती वाजता?" पहिले दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, दुखत असो वा नसो, आणि त्यानंतर दुखेल तेव्हा. या गोळ्यांची सवय लागते हा समज आपल्याकडे बायकांमध्ये जास्त दिसतो, कारण सोसण्याचं कौतुकही त्यांच्याच वाट्याला येतं. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल चार दिवस घेतल्याने कुणाला सवय लागत नाही.

मात्र दोन गोष्टी जपा. दवाखान्यातून मिळणाऱ्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. त्यावर घरातली 'तापाची गोळी' वेगळी घेतली की तेच औषध दुप्पट पोटात जातं. दिवसाला सगळं मिळून ४ ग्रॅम ही मोठ्या माणसाची कमाल मर्यादा, आणि यकृताचा त्रास असेल तर त्याहून बरीच खाली. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा. शाळेत मुलांना वाचायला लावता तसं. दुसरं, आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या रिकाम्या पोटी नकोत. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब असेल, तर त्या लिहून देण्याआधी डॉक्टरांना ते माहीत असायला हवं. तुम्हाला मधुमेह आहे म्हणून विचारते, मूत्रपिंड ठीक आहे ना ते कळायला लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं होतं? आणि घरात कुणी हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेत असेल, त्यांच्यावर उद्या अशी वेळ आली, तर ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि चुरून हिरडीवर तर मुळीच ठेवू नये.

आता दिरांचा लवंगेचा बोळा. त्यांचा हेतू चांगला होता आणि लवंगेच्या तेलात बधिर करणारा गुण आहे हेही खरं. त्यातलं युजेनॉल आम्ही दातांच्या दवाखान्यात वापरतोच. पण ते किडलेल्या दाताच्या खड्ड्यात, औषधात कालवून. सोललेल्या मांसावर निव्वळ तेल ठेवलं की ते पोळतं, आणि तुम्हाला दिसणारा पांढरा चट्टा बहुधा भाजल्याचाच आहे. त्यावर आता तूप, मध, ग्लिसरीन काही लावू नका. सोडून दिलात तर आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप जाईल. टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना तो दाखवा आणि तेल लावलं होतं हे सांगा, नाहीतर ते भलतंच काहीतरी समजतील. हळदीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवणारच. हळद दुधातून पोटात जाऊ दे, कोमट. टाक्यांवर पूड दाबलीत तर ती धाग्यात अडकून बसते आणि काढताना त्रास होतो. मीठ-तेल चोळणं, तुरटी, लसणाची पाकळी, सगळ्यांना हाच नियम.

चुळांचं सांगते. पहिल्या दिवशी थुंकीला गुलाबी रंग येणं ठरलेलंच आहे. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं की वाटीभर रक्त गेल्यासारखं दिसतं. तुम्ही घाबरून जोरात चुळा भरल्या, त्याने जखमेवर नुकतीच धरलेली गुठळी सुटली आणि रक्त वाढलं. पहिले २४ तास चूळ नको, जोरात थुंकणं नको, स्ट्रॉने ओढून पिणं नको. तोंडात जमलं तर मान झुकवून बेसिनमध्ये नुसतं सोडून द्यायचं. रक्त जास्तच वाटलं तर दवाखान्यातलं गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) पाण्यात भिजवून, पिळून, त्या जागी हलका पण सलग दाब देऊन अर्धा तास बसायचं. बसायचं, आडवं व्हायचं नाही. आणि दर दोन मिनिटांनी काढून बघायचं नाही, घरातले सगळे बघायला मागतील तरी. गॉज नसेल तर साध्या काळ्या चहाची पुडी (टी-बॅग) गरम पाण्यात भिजवून गार करून चालते. चहातल्या टॅनिनने रक्त धरायला मदत होते.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर. पण खुळखुळवायचं नाही. पाणी तोंडात घ्या, मान डावीकडे-उजवीकडे कलती करा, आणि सोडून द्या. डॉक्टरांनी दिलेलं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश वेगळं. ०.२ टक्क्यांचं असेल तर साधारण १० मिली, मिनिटभर, दिवसातून दोनदा, आणि त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. टूथपेस्ट आणि हे माउथवॉश यांच्यामध्येही अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, कारण पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्याने त्याची ताकद मारली जाते. तुमची तपकिरी जीभ याच माउथवॉशची देणगी आहे, आणि चहा जितका जास्त तितकी ती गडद. औषध थांबलं की जिभेचा रंग जातो, दातांवरचे डाग पॉलिश करून निघतात, गेलेली चवही परत येते.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. हे आधी माहीत नसलं की तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघून माणूस हादरतो आणि काहीतरी बिघडलं असं धरून चालतो. बर्फाचा उपयोग पहिल्या दिवशी, गालावरून, पातळ नॅपकिनमध्ये गुंडाळून: पंधरा मिनिटं ठेवायचा, पंधरा मिनिटं काढायचा. फ्रीजरमधली मटारची पिशवी उत्तम, ती गालाच्या आकाराची होते. दोन दिवस उलटल्यावर बर्फाने फार काही साधत नाही. त्यानंतर जबडा आखडल्यासारखा वाटत असेल तर कोमट फडक्याचा शेक बरा वाटतो. झोपताना दोन उशा घ्या. रात्रीच ठणका का वाढतो असं तुम्ही विचारलंय. सपाट झोपलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, आणि दिवसभर कामात गुंतलेलं मनही रिकामं होतं.

खाण्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच तुमची चक्कर आहे. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर जेवण चुकल्याने साखर सहसा फार खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि पोटात अन्न नसेल, तर साखर धाडकन उतरते: घाम, थरथर, चक्कर. तुमचं तेच झालं असावं. उजव्या बाजूच्या आधी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना एक फोन करा आणि 'दोन दिवस नीट जेवण जाणार नाही, गोळी किती घेऊ' हे विचारून ठेवा. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, अलीकडे काढली नसेल तर तीही काढून घ्या. साखर चढी असली की जखम उशिरा भरते. उलट बाजूची गोष्टही खरी आहे, हिरड्यांचे उपचार पूर्ण झाले की साखर थोडी खाली येते. दुसरी बाजू अर्धवट सोडू नका म्हणते त्यातलं हे एक कारण.

ताटात काय? आपल्याकडे मऊ म्हटलं की शिरा, साबुदाण्याची खीर, आइस्क्रीम पुढे येतं, आणि मधुमेहाच्या माणसाला तेच नको असतं. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट, पातळ: नाचणीची आंबील ताक घालून गार केलेली, मुगाचं कढण गाळून, साधं ताक, दूध. दुसऱ्या दिवसापासून मुगाची आसट खिचडी, दहीभात, घोटलेलं वरण आणि भात, उकडून कुस्करलेला दुधी किंवा लाल भोपळा, दुधात भिजवलेली इडली, मऊ पनीर. खात असाल तर अंडं, पण उकडलेलं घट्ट नाही, मऊ भुर्जी, मिरचीशिवाय. प्रथिनं पोटात जाऊ द्या, जखम भरायला तीच लागतात. नुसत्या पेजेवर चार दिवस काढलेत तर अशक्तपणा येणारच. चावायचं ते दुसऱ्या बाजूने.

तुमच्या भागात ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, ठाऊक आहे. तीन-चार दिवसांनी भाकरीचा आतला मऊ भाग दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून चालेल. पापुद्रा आणि कडा नकोत, त्या टोचतात. शेंगदाण्याची चटणी, तीळ, खसखस, राजगिऱ्याच्या लाह्या, चिवडा टाके निघेपर्यंत पूर्ण बंद, कारण त्यांचे कण हिरडीच्या कडेखाली जाऊन बसतात आणि तुम्हाला ते काढता येत नाहीत. ठेचा, लोणचं, लिंबू, कढत चहा हेही नको. चहा सोडा म्हणत नाही, बशीत ओतून कोमट होऊ द्या. तुम्ही संकष्टी करता असं लिहिलंय. गोळ्या चालू असतील त्या दिवशी उपवास नको.

आता ज्या गोष्टींनी तुम्ही घाबरलात त्या. गुलाबी लेप, ज्याला दवाखान्यात 'पॅक' म्हणतात, तो टाक्यांचं रक्षण करायला असतो आणि आठवड्या-दहा दिवसांनी काढायचाच असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचे तुकडे पडले आणि दुखत नसेल, तर काळजीचं काही नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत मोठा तुकडा निघाला किंवा टोचायला लागला, तर फोन करा. जिभेने चाळवू नका, हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे, तरीही. दाढ जास्त हलते हेही काही आठवडे होतं, सूज आणि नुकतीच सोडवलेली हिरडी यामुळे, आणि हळूहळू ती स्थिरावते. गालावर किंवा हनुवटीखाली निळसर-पिवळा डाग उतरला तरी तो वरचंच रक्त खाली ओघळल्याचा. एक गोष्ट आधीच सांगते, नंतर वाईट वाटायला नको: सूज पूर्ण उतरल्यावर हिरडी थोडी खाली बसलेली दिसेल, दात लांब वाटतील, मधे फटी दिसतील आणि गार पाणी झोंबेल. झोंबणं काही आठवड्यांत कमी होतं. डॉक्टर सांगतील तेव्हापासून संवेदनशील दातांची पेस्ट वापरा, तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. फटी मात्र बहुतेकदा राहतात, त्यासाठी फटीत घालायचा छोटा ब्रश मिळतो, तोही डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

ब्रश बंद करू नका. बाकी तोंडात नेहमीसारखा. शस्त्रक्रियेच्या जागी टाके निघेपर्यंत नाही, आणि नंतर अगदी मऊ ब्रश. शाळेचं म्हणाल तर दोन दिवस रजा घ्या आणि तिसऱ्या दिवशी गेलात तरी मोठ्याने कविता म्हणवून घेऊ नका. गाल आणि ओठ जितके ताणले जातात तितके टाके ओढले जातात. ओठ खाली ओढून टाके आरशात बघणं त्यातच आलं. कपालभाती, सूर्यनमस्कार, पाण्याच्या कळशा आठवडाभर दुसऱ्या कुणाकडे. घरातल्यांना हे पत्र दाखवा हवं तर.

आणि मिशरी. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, मीही शेवटाकडे घेतलं, पण सगळ्यात जड गोष्ट हीच आहे. तव्यावर भाजून काळी केली तरी ती तंबाखूच असते. त्यातल्या निकोटिनने हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, त्या जागी रक्त कमी पोचतं, आणि जखम भरायला लागतं ते रक्तच. तोंडाच्या कर्करोगाचं वेगळं सांगायला नको. तुमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना ही सवय दात घासायचं साधन म्हणून आईने किंवा सासूने लावलेली आहे, तेव्हा लाजू नका. पण डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांना कळलं नाही आणि हिरडी नीट धरली नाही, तर ते कारण भलतीकडे शोधत बसतील. ती न लावल्यावर सकाळी पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, चिडचिड होते, हे खरंच होतं आणि ते निकोटिन सुटल्याचं आहे. पहिला आठवडा सर्वांत अवघड. तंबाखूच्या पुडीवर सरकारी मदतीचा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, त्यावर फोन केला तर पैसे पडत नाहीत. आत्ता टाक्यांमुळे तशीही ती लावता येत नाहीये. मिशरीचा डबा घरातून बाहेर काढायला याहून सोयीचा आठवडा मिळायचा नाही.

थांबून वाट बघायची नाही अशा गोष्टी: अर्धा तास दाब देऊनही न थांबणारं रक्त, तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढणारी सूज किंवा ठणका, १०१ च्या वर ताप, पू, दुसऱ्या दिवशीही न गेलेला ओठाचा बधिरपणा, गोळीने अंगावर उठलेलं पित्त. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड गेलं, किंवा जिभेखाली सूज आली, तर फोनही करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा, रात्र असली तरी. अँटिबायोटिक दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, आणि त्यात मेट्रोनिडॅझॉल असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते, ती हिरडीची नाही.

उजव्या बाजूची तारीख ठरवताना डावीने नीट चावता येतंय ना ते बघा. येत नसेल तर एखादा आठवडा पुढे ढकलून मागा, डॉक्टर नाही म्हणणार नाहीत. नाहीतर चावायला एकही बाजू उरणार नाही. बरेच जण शनिवार मागतात, रजा वाचते म्हणून. मला ते पटत नाही. शनिवारी रात्री काही झालं तर रविवारी दवाखाना बंद. मंगळवार किंवा बुधवार घ्या, म्हणजे सूज चढते ते दोन-तीन दिवस डॉक्टर जागेवर असतील. आणि मंगळवार घेतलात तर आधी कॅलेंडर बघा. अंगारकी असली तर बुधवार.